जर्मन कुलचिन्ह वाचायचं कसं: अंगठी, चमचा आणि थडग्यावरच्या ढालीपासून घराण्यापर्यंत

जर्मनीतल्या जुन्या बाजारात कधी मोनोग्रामचा चांदीचा चमचा हाती लागतो, कधी लाखेची मोहोर असलेलं पत्र, कधी पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर डकवलेली मालकाची चिठ्ठी. त्यावर ढाल, ढालीवर शिरस्त्राण, त्यावर दोन शिंगं. बघणारा पहिल्याच दमात विचारतो, "हे कोणाचं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी चित्र शब्दांत उतरवायचं, तेही इतकं नेमकं, की मूळ वस्तू न बघता दुसऱ्या कोणाला ते काढता यावं. आधी नाव मनात धरलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच बघतात. नवशिक्यांच्या बहुतेक चुकीच्या ओळखी अशाच होतात.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करावी. कुलचिन्ह, जर्मनमध्ये 'वाप्पेन', वंशाचं असतं, आडनावाचं नसतं. सगळे शिंदे एका घरातले नाहीत हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. जर्मन म्युलरांचंही तेच. एकाच नावाची, परस्परांशी काडीचा संबंध नसलेली आणि वेगवेगळी चिन्हं मिरवणारी घराणी जर्मनीत भरपूर आहेत.

आधी फोटो, मग बाकी सगळं

मोहोर, अंगठी किंवा कोरीव चांदी समोरून फ्लॅश मारून टिपली की अर्धा तपशील तिथेच जातो. खोलीतला दिवा बंद करावा, मोबाइलची टॉर्च बाजूला धरावी, पृष्ठभागाशी साधारण १० ते १५ अंशांच्या कोनात, आणि दोन फोटो घ्यावेत: एक वरच्या डाव्या कोपऱ्यातून येणाऱ्या उजेडात, एक वरच्या उजव्या कोपऱ्यातून. दोन का? कोरलेली रेघ उजेडाच्या दिशेला समांतर असली की तिची सावली पडत नाही आणि ती रेघ फोटोतून गायब होते. पुढे दिसेल की जर्मन कुलचिन्हात रेघेची दिशा म्हणजेच रंग. रेघ हरवली तर रंग हरवला. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नये.

लाखेच्या मोहोरेला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये. जुन्या मोहोरेच्या लाखेत शेलॅक असतं आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली तरी पुरे.

मोहोरेची अंगठी असेल तर तिच्यावरचं चित्र उलटं कोरलेलं असतं, कारण ठसा सुलट उमटायला हवा. मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीवर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरावी, अंगठी सरळ दाबून सरळ उचलावी, आणि वाचन त्या ठशावरून करावं. थेट अंगठीवरून वाचलं तर डावं-उजवं तर फिरतंच, शिवाय तिरप्या रेघाही फिरतात. हिरवा रंग जांभळा वाटतो आणि जांभळा हिरवा.

उजवं म्हणजे ढाल धरणाऱ्याचं उजवं

ढाल हातात धरून उभा असलेला सरदार डोळ्यांसमोर आणावा. त्याचं उजवं ते कुलचिन्हाचं उजवं, म्हणजे बघणाऱ्याचं डावं. सिंह, गरुड, घोडा यांची तोंडं सहसा या उजव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे असतात.

पण दोन ढाली शेजारी-शेजारी, एकमेकींकडे किंचित कललेल्या दिसल्या, तर ते नवराबायकोचं जोडचिन्ह, 'आलियान्त्सवाप्पेन'. नवऱ्याची ढाल कुलचिन्हाच्या उजव्या बाजूला, बायकोची डाव्या बाजूला. इथे जर्मन रिवाजात एक सौजन्य पाळतात: नवऱ्याच्या ढालीतला प्राणी बायकोच्या ढालीकडे तोंड वळवतो. त्यासाठी त्याचं सगळं चिन्ह आरशात पाहिल्यासारखं उलटवतात. सिंह 'चुकीच्या' बाजूला बघतोय म्हणून वेगळं घराणं शोधत बसायचं कारण नाही. नोंद करताना तो पुन्हा सुलटा करून लिहावा.

जोडचिन्ह म्हणजे शोधणाऱ्याला लागलेली लॉटरी. एकट्या ढालीवरून घराणं कळतं. दोन ढालींवरून बरेचदा नेमकं जोडपं कळतं आणि त्यावरून वस्तूचा काळही.

रंग: दोन धातू, चार-पाच रंग आणि रेघांची भाषा

सोनं आणि चांदी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. जांभळाही आहे, पण विरळा. चित्रात सोनं पिवळं आणि चांदी पांढरी काढली तरी चालतं, लिहिताना मात्र 'सोनं', 'चांदी' असंच लिहायचं. नियम एकच: धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. हा नियम जन्माला आला तो लांबून ओळख पटावी म्हणून. वाचणाऱ्याच्या हातात तो तपासनीसासारखा उपयोगी पडतो. निळ्या ढालीवर काळा प्राणी दिसला तर आधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावी. जुन्या हस्तलिखितांत आणि लाकडी ढालींवर खऱ्या चांदीचा वर्ख असे. तो हवेने काळवंडतो, आणि मूळची चांदी आज काळी दिसते. निळा रंग पिवळ्या पडलेल्या वॉर्निशखाली हिरवट दिसतो. नियमाला अपवाद आहेत, पण अपवाद मानायच्या आधी वर्ख आणि वॉर्निश तपासावं.

छपाई आणि कोरीव कामात रंग नसतो, म्हणून सतराव्या शतकात रेघांची पद्धत रूढ झाली. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्ता या जेसुइट पाद्र्याने ती १६३८ मध्ये छापली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. सोनं म्हणजे ठिपके. चांदी म्हणजे कोरी जागा. लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्यांची जाळी. हिरवा म्हणजे बघणाऱ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या रेघा, आणि जांभळा म्हणजे त्याच्या उलट दिशेच्या. आता दोन फोटोंची गरज कळेल: वरच्या डावीकडून आलेल्या उजेडात हिरव्याच्या रेघा नेमक्या समांतर पडतात आणि ढाल कोरी, म्हणजे चांदीची वाटते.

१६३८ च्या आधीच्या वस्तूवर ही पद्धत शोधू नये. तिथल्या रेघा निव्वळ सजावटीच्या असू शकतात. उलट बाजूने, एकोणिसाव्या शतकातला कोरीव कारागीरही घाईत सगळं कोरं सोडून द्यायचा; अशा वेळी 'सगळं चांदीचं' असं न लिहिता 'रंग दिलेले नाहीत' असं लिहावं.

ढालीचे भाग, आणि रेघा मोजायच्या की पट्टे?

जर्मनमध्ये दोन शब्दांची गल्लत सगळ्यात जास्त होते. 'गेश्पाल्टन' म्हणजे वरून खाली उभी रेघ मारून ढाल दुभागलेली. 'गेटाइल्ट' म्हणजे आडवी रेघ मारून. रोजच्या बोलीत 'टाइलन' म्हणजे नुसतं वाटून घेणं, त्यामुळे जर्मन येणारेही इथे चुकतात. लाकडाचा ओंडका कुऱ्हाडीने उभा चिरतात ते 'श्पाल्टन', असं लक्षात ठेवलं की घोळ होत नाही.

लिहिताना गेश्पाल्टनमध्ये आधी उजव्या भागाचा रंग, गेटाइल्टमध्ये आधी वरचा. उभी आणि आडवी दोन्ही असतील तर 'गेफियर्ट', म्हणजे चार खण. पहिला खण बघणाऱ्याच्या वर डावीकडे, दुसरा वर उजवीकडे, तिसरा खाली डावीकडे, चौथा खाली उजवीकडे. होहेनत्सोलर्न घराण्याची मूळ ढाल चांदी आणि काळ्याची चौखणी: पहिला आणि चौथा खण चांदीचा, दुसरा-तिसरा काळा. एवढंच. प्रशियाचे राजे आणि पुढे जर्मन सम्राट झालेल्या घराण्याची मूळ ढाल इतकी साधी आहे. जितकं जुनं तितकं साधं, हा अंदाज जर्मन चिन्हांत बहुतेक वेळा बरोबर येतो.

पट्ट्यांचं गणित जरा नीट बघू, कारण शोधसूचीत चुकीच्या जागी हात घातला की दिवस जातो. जर्मन वर्णनात ढाल 'किती वेळा विभागली' हे सांगतात, म्हणजे रेघा मोजतात. सॅक्सनीच्या वेटीन घराण्याची ढाल 'नऊ वेळा काळ्या आणि सोन्याने गेटाइल्ट' आहे. पट्टे मोजाल तर दहा भरतील: पाच काळे, पाच सोन्याचे, आणि त्यावरून तिरपी जाणारी हिरवी पानांची माळ. पट्ट्यांची संख्या सम असली की असं वर्णन होतं. विषम असली, म्हणजे वरचा आणि खालचा पट्टा एकाच रंगाचा निघाला, तर तो रंग ढालीची पार्श्वभूमी धरतात आणि उरलेले पट्टे 'बाल्केन'. लाल, चांदी, लाल, चांदी, लाल असे पाच पट्टे दिसले तर लिहायचं: 'लाल ढालीत चांदीचे दोन बाल्केन'. हे आर्निम घराण्याचं चिन्ह. त्याच धाटणीत सोन्याच्या ढालीत दोन लाल बाल्केन, वरच्यावर चांदीचे दोन गुलाब आणि खालच्यावर एक, असं दिसलं तर ते आल्फेन्सलेबेन. नुसतं 'आडवे पट्टे' लिहून सूचीत गेलात तर दोन्ही घराणी आणि आणखी कितीतरी एकाच ढिगात सापडतील.

खण बरेच असतील आणि मध्ये छोटी ढाल असेल तर ती 'हेर्त्सशिल्ड', हृदयाची ढाल. बढती मिळून सरदार बॅरन किंवा काउंट झाला, की चिन्हात भर पडायची. मूळ घराण्याची ढाल मग या मधल्या जागी किंवा पहिल्या खणात यायची. म्हणून शोध या छोट्या ढालीपासून सुरू करावा. एखाद्या खणात सोन्यावर काळा गरुड, अर्धा किंवा पूर्ण, दिसला तर तो बरेचदा जुन्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या कृपेची खूण म्हणून दिलेला असतो. त्याच्यावरून घराणं शोधू नये. तो शेकडो जणांकडे आहे.

आकृत्या: मोजा, आणि नावाचा नाद ऐका

संख्या लिहावी आणि मांडणीही लिहावी, ओळीनुसार. ब्यूलो घराण्याच्या निळ्या ढालीत सोन्याचे १४ गोळे आहेत, वरून खाली ४, ४, ३, २, १. मोल्टके घराण्याच्या चांदीच्या ढालीत तीन काळे रानकोंबडे, २ आणि १. चाक असेल तर आरे मोजावेत. काळ्या ढालीत पाच आऱ्यांचं चांदीचं चाक म्हणजे बेर्लिशिंगेन, लोखंडी हाताच्या गोट्झ या सरदाराचं घराणं. लाल ढालीत सहा आऱ्यांचं चांदीचं चाक म्हणजे माइन्त्सच्या आर्चबिशपचं राज्य. एक आरा इकडचा तिकडे झाला की सरदाराचा धर्मगुरू होतो.

प्राण्याची अवस्था लिहावी: मागच्या पायांवर उभा, चालणारा, की कमरेपासून वर उगवलेला. या शेवटच्याला जर्मन 'वाक्सेन्ड', वाढणारा, म्हणतात. जीभ, नख्या, चोच वेगळ्या रंगाची असेल तर तेही लिहावं. पायाखाली तीन गोलसर टेकड्या असतील तर तो 'ड्रायबेर्ग'. तो प्रामुख्याने दक्षिण जर्मनीत आणि आल्प्सच्या परिसरात दिसतो.

मग आकृतीचं जर्मन नाव मोठ्याने उच्चारावं. जर्मन घराण्यांना नावावरच्या कोट्या फार आवडायच्या. अशा चिन्हाला 'रेडेन्डेस वाप्पेन', बोलणारं चिन्ह, म्हणतात. हेन्नेबेर्ग: डोंगरावर उभी कोंबडी, कारण 'हेनं' म्हणजे कोंबडी आणि 'बेर्ग' म्हणजे डोंगर. थुर्न उन्ट टाक्सिस, ज्यांनी युरोपची टपाल चालवली: निळ्या ढालीत चांदीचा बिज्जू, कारण हे घराणं मूळचं इटलीतलं टासो आणि 'तास्सो' म्हणजे बिज्जू. आणि आपल्याला थबकायला लावणारं, श्वाबियातल्या गाइस्लिंगेन गावावरच्या किल्ल्याचे हेल्फेनश्टाइन काउंट: लाल ढालीत सोन्याच्या तीन टेकड्यांवर उभा चांदीचा हत्ती. मध्ययुगीन जर्मनमध्ये हत्तीला 'हेल्फान्ट' म्हणत, तेवढ्या नादावर हत्ती श्वाबियाच्या डोंगरात येऊन उभा राहिला. जर्मन चिन्हात हत्ती दिसला म्हणून भारताशी संबंध जोडू नये. कोटी जर्मनमध्ये असते, कधी जुन्या जर्मनमध्ये, कधी बोलीत. आजचा शब्दकोश पुरेलच असं नाही.

शिरस्त्राण आणि तुरा

ढालीवरचं शिरस्त्राण हे जर्मन चिन्हाचं निम्मं अंग. चोचीसारखं पुढे आलेलं, बंद, डोळ्यांपुरती फट असलेलं ते 'श्टेखहेल्म'. चेहऱ्यावर गजांची जाळी असलेलं ते 'ब्यूगेलहेल्म'. सोळाव्या शतकापासून सम्राटाच्या दफ्तरात जाळीचं शिरस्त्राण उमरावांना आणि बंद शिरस्त्राण सामान्य नागरिकांना अशी वाटणी होत गेली. पण त्याआधीच्या उमरावांच्या चिन्हांतही बंद शिरस्त्राण सर्रास दिसतं. जर्मनीत सामान्य नागरिकांची, व्यापाऱ्यांची, कारागिरांची आणि शेतकऱ्यांची कुलचिन्हंही खूप आहेत. ढाल दिसली म्हणजे उमराव, हे समीकरण इथे बसत नाही. जाळीतल्या गजांची संख्या मोजत बसू नये. ती फ्रेंच सवय आहे, जर्मनीत तिला अर्थ नाही.

शिरस्त्राणावर जे उभं असतं तो तुरा, 'हेल्मत्सियर' किंवा 'क्लाइनोड'. इथे सगळ्यात जास्त दिसतात म्हशीची दोन शिंगं. पंधराव्या शतकापासून चित्रकार त्यांची टोकं उघडी, भोंग्यासारखी काढू लागले, आणि ती हुबेहूब हत्तीच्या सोंडेसारखी दिसतात. जुन्या जर्मन लेखकांनीही त्यांना सोंडा म्हणून टाकलं आहे. त्यामुळे तुऱ्यात 'दोन सोंडा' दिसल्या तर शिंगं लिहावीत.

तुऱ्याकडे दुर्लक्ष करू नये याचं कारण जर्मन आणि इंग्लिश रिवाजातला फरक. इंग्लंडात धाकट्या मुलाची ओळख ढालीतल्या छोट्या खुणेने दाखवतात. जर्मनीत सगळ्या मुलांना तीच ढाल मिळते आणि शाखांचा फरक बरेचदा तुऱ्यात पडतो. शिवाय तुरा ही मालमत्ता होती. न्युर्नबेर्गच्या होहेनत्सोलर्न बुर्गग्राफने, म्हणजे सम्राटाच्या किल्लेदाराने, १३१७ मध्ये शिकारी कुत्र्याच्या मुंडक्याचा तुरा ल्युटोल्ड फॉन रेगेन्सबेर्गकडून ३६ मार्क चांदी मोजून विकत घेतला. त्याच कुत्र्यावरून पुढे एटिंगेनच्या काउंटांशी तंटा झाला, आणि एटिंगेनचा कुत्रा कानावर फुलीची खूण घेऊन फिरू लागला. कानावरची ती पांढरी फुली दिसली की घराणं ठरलं. मोहोरेवर ती जेमतेम मिलिमीटरभर असते.

शिरस्त्राणाच्या मागून फडफडणारी कापडं म्हणजे 'हेल्मडेकन'. त्यांची बाहेरची बाजू सहसा ढालीच्या मुख्य रंगाची आणि आतली मुख्य धातूची. ढालीचे रंग झिजून गेले असतील आणि कापडांवर रेघा शाबूत असतील, तर रंग तिथून उचलता येतो.

शिरस्त्राणं अनेक असतील तर तेवढी चिन्हं एकत्र आली आहेत असं समजावं. संख्या विषम असेल तर मधलं मुख्य. सम असेल तर मधल्या जोडीतलं उजवं, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचं.

मुकुटाची टोकं मोजताना

एकोणिसाव्या शतकात चमचे, रुमाल, पत्रांचे कागद यांवर शिरस्त्राणाऐवजी नुसता मुकुट आणि अक्षरं टाकायची पद्धत पडली. समोरून दिसणारी टोकं ५ असली तर बिनउपाधीचा उमराव, ७ असली तर फ्रायहेर म्हणजे बॅरन, ९ असली तर ग्राफ म्हणजे काउंट. पूर्ण कड्यावर ती अनुक्रमे ८, १२ आणि १६ असतात, मागची दिसत नाहीत. लाल टोपी आणि अर्मिन या फरची पांढरी कड असेल तर प्रिन्स किंवा त्यावरचा.

दोन सापळे. पहिला, शिरस्त्राणावर बसलेला तीन पानांचा छोटा मुकुट दर्जा सांगत नाही. तो सामान्य नागरिकांकडेही आहे. दुसरा सापळा चांदीच्या भांड्यांचा: १८८८ पासून जर्मन चांदीवर चंद्रकोर, मुकुट आणि ८०० सारखा आकडा असा ठसा असतो. तो कायद्याने ठरवून दिलेला शुद्धतेचा शिक्का आहे. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. हा शिक्का दाखवून 'उमरावाचा चमचा' म्हणून दुप्पट भाव सांगणारे भेटतात.

एक मोहोर, सुरुवातीपासून

समजा २२ मिलिमीटरची लाल लाखेची मोहोर आहे. ढालीवर आडव्या रेघा: निळा. त्यावर गोल, आत ठिपके: सोन्याचे गोळे. ओळीनुसार मोजले: ४, ४, ३, २, १. शिरस्त्राणावर दोन शिंगं, त्यांच्यामध्ये चोचीत अंगठी धरलेला पक्षी. आता जर्मन वाक्य लिहायचं. क्रम ठरलेला आहे: आधी पार्श्वभूमी, मग आकृती, मग तिची मांडणी, मग शिरस्त्राण, कापडांचे रंग आणि तुरा. 'इन ब्लाउ फीरत्सेन गोल्डेनं कूगेल्न', निळ्यात सोन्याचे चौदा गोळे, पुढे कंसात मांडणी. ढालीचा बाह्य आकार या वाक्यात येत नाही, कारण तो कारागिराच्या मर्जीचा असतो. त्याच्यावरून काळाचा अंदाज करतानाही जपावं. एकोणिसाव्या शतकात गॉथिक त्रिकोणी ढालीची फॅशन परत आली होती.

हे ब्यूलो. पक्षी आहे हळद्याचा युरोपातला भाऊबंद. उत्तर जर्मनीत त्याला लोक 'फोगेल ब्यूलो' म्हणतात, आणि त्याचंच फ्रेंच नाव 'लोरिओ' हे व्यंगचित्रकार विक्को फॉन ब्यूलो यांनी टोपणनाव म्हणून घेतलं. इथे आधी गोळे मोजले होते म्हणून पक्ष्याने दुजोरा दिला. आधी पक्षी ओळखून गोळे 'साधारण डझनभर' म्हणून सोडले असते तर दुजोरा कशाला मिळाला हेच कळलं नसतं.

आता शोध

जर्मन चिन्हांचा सगळ्यात मोठा संग्रह सीबमाखरच्या नावाने ओळखला जातो. योहान सीबमाखरने न्युर्नबेर्गमध्ये १६०५ साली पहिला भाग काढला. १८५४ पासून नव्याने सुरू झालेली मालिका शंभराहून अधिक वर्षं चालली. ती प्रांतवार आहे: प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी वगैरे, आणि सामान्य नागरिकांची वेगळी. पानापानांवर चित्रं आणि वेगळ्या भागात मजकूर, म्हणून चित्र सापडलं की मजकूर उघडायलाच हवा. रंग आणि चिन्ह दिल्याचं साल तिथे मिळतं. १६०५ च्या भागात रंग रेघांनी नाही, अक्षरांनी दिले आहेत, हे विसरून चालत नाही. बहुतेक भाग स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहेत. अडचण एकच, रचना नावानुसार आहे, आणि आपल्याला तर नावच शोधायचं आहे.

उलट दिशेने, आकृतीवरून नावाकडे जायला दोन वाटा. रीटस्टापच्या कोशात युरोपभरच्या एक लाखाहून जास्त चिन्हांची वर्णनं फ्रेंचमध्ये आहेत, आणि त्याला आकृतीवार सूची रनेसने केली. त्यासाठी सहा फ्रेंच शब्द पाठ हवेत: ऑर सोनं, आर्जां चांदी, ग्यल लाल, अझ्यूर निळा, साब्ल काळा, सिनोप्ल हिरवा. दुसरी वाट 'वाप्पेनबिल्डरओर्डनुंग' नावाची जर्मन आकृतीसूची. दोन्हीकडे ढालीतल्या मुख्य आकृतीवरून शिरावं, तुऱ्यावरून नाही.

नावं तीन-चार उरली की वंशावळी उघडाव्यात. गोथा गावात छापली जाणारी घराण्यांची पॉकेटबुकं, काउंट, बॅरन आणि उमराव अशा वर्गांची वेगवेगळी, आणि १९५१ पासूनची त्यांची उत्तराधिकारी मालिका. जोडचिन्ह असेल तर दोन्ही घराण्यांतली लग्नं ताडून पाहावीत. पॉकेटबुकात 'ऊरआडेल' लिहिलं असेल तर मध्ययुगापासूनचा उमराव वंश, 'ब्रीफआडेल' असेल तर सनदेने झालेला. सनदेचा असेल तर मूळ कागद असण्याची आशा धरावी, कारण सनदेच्या मध्यभागी चिन्ह रंगवलेलं असायचं. पवित्र रोमन साम्राज्याच्या काळातल्या सनदांच्या फायली व्हिएन्नाच्या राज्य अभिलेखागारात, प्रशियाच्या हेरोल्ड्सआम्टचे, म्हणजे सरकारी कुलचिन्ह कार्यालयाचे (१८५५ ते १९२०), कागद बर्लिनच्या डालेममध्ये, बव्हेरियाचं उमरावांचं नोंदपुस्तक म्युनिकमध्ये. पत्र लिहिताना जर्मन वर्णन, दोन्ही उजेडातले फोटो, मिलिमीटरमधलं माप आणि वस्तू कुठे मिळाली एवढं द्यावं. 'हे कोणाचं?' एवढ्याच ओळीच्या पत्राला उत्तर यायची शक्यता कमी.

नावात 'फॉन' असणं पुरावा नाही. उत्तर जर्मनीत शेतकऱ्यांच्या नावांतही 'फॉन' आहे. म्हणून तिकडचे उमराव ते मुद्दाम 'व्ही.' असं आखडून लिहीत. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमाने उमरावांचे खास हक्क संपले आणि ग्राफ, फ्रायहेर हे आडनावाचे तुकडे झाले. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी 'फॉन'सुद्धा काढून टाकला.

थडग्यावर चार, आठ, सोळा ढाली

चर्चमधल्या थडग्याच्या कडेने छोट्या ढालींची रांग असेल तर ती पूर्वजांची यादी आहे. चार ढाली असल्या तर बहुधा वर उजवीकडे (बघणाऱ्याच्या डावीकडे) वडिलांचं घराणं, वर डावीकडे आईचं, खाली उजवीकडे वडिलांच्या आईचं, खाली डावीकडे आईच्या आईचं. आठ आणि सोळा झाल्या की क्रम गावागणिक बदलतो. मधल्या मोठ्या ढालीपासून सुरू करून वंशावळीशी ताडूनच पुढे जावं. एखादी ढाल उलटी, टोक वर करून कोरलेली दिसली तर दगडी कारागिराची चूक समजू नये. त्या पुरुषाबरोबर घराणं संपलं, असा त्याचा अर्थ.

विकत मिळणारी चिन्हं

पर्यटनस्थळांवर आणि इंटरनेटवर 'तुमच्या आडनावाचं जर्मन कुलचिन्ह' फ्रेममध्ये घालून विकतात. कोशातून त्या नावाचं कुठलंतरी एक चिन्ह उचललेलं असतं. घेणाऱ्याच्या वंशाशी त्याचा संबंध कोणी तपासत नाही. हा धंदा जुनाच आहे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातही चिन्हं 'शोधून' देणारे चित्रकार होते, आणि त्यांनी रंगवलेले कागद आज जुने म्हणून विकले जातात. कागदावर चिन्ह दिल्याचं साल, देणारा आणि घेणारा यांची नावं नसतील आणि सगळा भर आडनावाचा अर्थ सांगण्यावर असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा.

जर्मनीत आज सरकारी कुलचिन्ह कार्यालय नाही. नवं चिन्ह घेऊन ते संस्थांच्या नोंदवहीत छापून आणता येतं. १८६९ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेली 'हेरोल्ड' ही संस्था त्यांत जुनी. नोंदीपूर्वी तिथे तेच चिन्ह आधी कोणाचं आहे का हे बघतात. दुसऱ्याचं चिन्ह मात्र उचलता येत नाही: नागरी संहितेतलं नावाला संरक्षण देणारं १२ वं कलम न्यायालयं कुलचिन्हालाही लावतात. फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या बाजारात, घेतलेली ब्यूलोंची मोहोर घरी ठेवायला हरकत नाही, तिचा ठसा आपल्या लेटरहेडवर छापू नये.